हिरवा पुडा आणि चुआंगमिस्त्रींची पाटी

चुआंग युंग-फा यांचा हिरव्या पुड्यावर खरोखर विश्वास होता काय? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. खुद्द त्यांना विचारले, तर “तुमचा छत्रीवर विश्वास आहे का?” असे उलट विचारून ते पुन्हा स्क्रू पिळायला लागत. त्यांच्या पत्नी पाओ-चू यांना विचारले, तर त्या म्हणत, “त्यांचा माझ्या मिठाच्या अंदाजावर विश्वास नाही, पुड्याचं काय घेऊन बसलात!” पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच भरतो, आणि त्यातला वजनदार भाग २०११ सालच्या उन्हाळ्यात, चियायीच्या फळबाजारामागच्या गल्लीत, अवघ्या तीन-साडेतीन आठवड्यांत जमा झालेला आहे.

त्या गल्लीत युंग-फा यांचे संगणकदुरुस्तीचे दुकान होते. दुकान वडिलांचे, वडील रेडिओ दुरुस्त करीत. दारावर कापूरलाकडाची हातभर रुंद पाटी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘चुआंग दुरुस्ती’ आणि खाली लहान अक्षरांत वडिलांचे वचन कोरलेले होते : ‘एकच यंत्र तिसऱ्यांदा परत आले, तर ही पाटी उतरवू.’ रेडिओला उद्देशून दिलेले वचन संगणकाला लागू होते काय, असा मुद्दा एखाद्या वकिलाने उपस्थित केला असता. युंग-फा यांनी तो कधीच केला नाही. वडिलांच्या पश्चात चोवीस वर्षांत दुसऱ्यांदा परत आलेली यंत्रे नऊ. तिसऱ्यांदा परत आलेले एकही नाही. हा आकडा ते कोणाला सांगत नसत. पण गल्लीतल्या प्रत्येकाला तो पाठ होता, यावरून तो कोणी सांगितला असेल याची कल्पना येते.

त्यांची निदानाची रीत ठरलेली होती. यंत्र मेजावर आडवे निजवायचे, झाकण काढायचे आणि हात लावण्यापूर्वी यंत्राच्या यजमानाला तीन प्रश्न विचारायचे : केव्हा बंद पडले, कुठे ठेवले होते आणि त्या वेळी तुम्ही काय करत होतात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नाना तऱ्हेची येत. तिसऱ्याचे उत्तर चोवीस वर्षांत एकच आले : “काहीच नाही.” ज्याने कळफलकावर अख्खी सोयाबीनची खीर सांडली होती तोही “काहीच नाही” म्हणाला आणि ज्याच्या संगणकात सरड्याने संसार थाटला होता तोही. तेच ते लिहून हात दुखू लागला, तेव्हा युंग-फा यांनी नाक्यावरच्या शिक्केवाल्याकडून ‘काहीच केले नाही’ असा रबरी शिक्काच करून घेतला. यजमानाने तोंड उघडायच्या आत तो वहीत उमटलेला असे. “यंत्र खोटं बोलत नाही,” ते शाईवर फुंकर मारीत म्हणत, “खोटं बोलतो तो चहा पीत समोर बसलेला असतो.”

दोष सापडला की तो एका चिठ्ठीवर एका ओळीत लिहायचा, खाली स्वतःची तांबडी मोहोर उठवायची आणि चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या भिंतीला डकवायची. मग स्वतः स्कूटरवरून यंत्र पोचवायचे आणि शेवटी हिरवा पुडा. मक्याच्या कुरकुरीत खाऊचा हा पुडा पोरासोरांचा खरा. पण त्याच्या नावाचा अर्थच ‘गुणी बाळ’ असा असल्यामुळे अख्ख्या तैवानात तो यंत्रांवर ठेवला जातो. त्याचे शास्त्र कडक आहे. पुडा हिरवाच हवा, कारण हिरवा दिवा म्हणजे सुरळीत. पिवळा किंवा तांबडा ठेवणाऱ्याने पुढची जबाबदारी स्वतःवर घ्यावी. त्यावरची तारीख उलटलेली नसावी. आणि कामावर असलेला पुडा भूक लागली म्हणून कोणी फोडू नये. युंग-फा तो दोन्ही हातांनी यंत्रावर ठेवीत आणि हलक्या आवाजात सांगत, “शहाण्यासारखा राहा. लोकांना छळू नकोस.” किती पुडे ठेवले, याचीही वहीत नोंद होई, त्यासाठी शेवटचा रकाना राखलेला होता.

गल्लीच्या तोंडाशी भूमिबाबाचे लहानसे मंदिर आहे. त्याची व्यवस्था ल्याओ कुन-शान पाहत. ते युंग-फा यांचे शाळासोबती. एकाच बाकावर बसून दोघांनी एकमेकांच्या वह्यांतली चुकीची उत्तरे उतरवली होती आणि त्यावरून सुरू झालेला वाद साठी जवळ आली तरी मिटला नव्हता. पाटीवरचे लहान अक्षरांतले वचन कुन-शान यांना मंत्रासारखे मुखोद्गत होते. आपल्या हयातीत एखादे यंत्र तिसऱ्यांदा परत येईल आणि आपण शिडी घेऊन तिथे हजर असू, ही त्यांची साधी इच्छा होती. भूमिबाबाकडे त्यांनी ती मागितली नव्हती. देवाला किरकोळ कामे सांगू नयेत, एवढा पोच त्यांना होता.

त्या वर्षी मंदिराच्या नामावळीची वही वाळवीने खाल्ली. चांद्रवर्षाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला, म्हणजे त्या साली १२ सप्टेंबरला, भूमिबाबाच्या उत्सवात गल्लीतल्या चारशे बारा घरांची नावे मोठ्याने वाचायची असतात. वाचन पाऊण तास चालते आणि ते मध्येच तुटून चालत नाही. आदल्या वर्षी एक नाव राहून गेले, त्या घरच्या जावयाचे पोट सहा महिने बिघडले आणि दोष मंदिराकडे आला. तेव्हा एका भाविकाने मंदिराला नवाकोरा संगणक दिला : काळे कॅबिनेट, पुढे तांबडा दिवा, माथ्यावर ताटलीएवढी गोल जाळी आणि जाळीखाली पंखा. नावे पडद्यावर पेरूएवढ्या अक्षरांत दिसावीत, अशी कुन-शान यांच्या डोळ्यांची मागणी होती.

२० ऑगस्टला युंग-फा यांनी तो संगणक भूमिबाबाच्या उजव्या हाताला, मागच्या लाकडी पडद्याला टेकवून बसवला. माथ्यावरची जाळी पाहून ते प्रसन्न झाले.

“बघ आ-शान, याला म्हणतात डोकं! गरम हवा वर जाते, हे त्या कारखान्यात कुणीतरी शाळेत नीट शिकलेलं दिसतंय. तुझ्यासारखं बाकाखाली झोपलेलं नाही.”

असे म्हणून त्यांनी हिरवा पुडा दोन्ही हातांनी त्या जाळीवर ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी कुन-शान दोन गुडघ्यांमध्ये कॅबिनेट धरून स्कूटरवरून दुकानाशी आले.

“आ-फा, तुझं गुणी बाळ आणलंय. बसल्या बसल्या डोळे मिटतं.”

“केव्हा?”

“रोज. चालू केल्यापासून बावीस मिनिटांनी. मी घड्याळ लावून पाहिलंय.”

“कुठे ठेवलं होतं?”

“देवाच्या उजव्या हाताला. तूच ठेवलंस ना! का मी डोक्यावर घेऊन हिंडतोय?”

“आणि तू त्या वेळी काय करत–”

“काही–”

शिक्का उमटला.

युंग-फा यांनी यंत्र आडवे निजवले, झाकण काढले आणि चालू केले. ते नऊ तास चालले. हवा भट्टीसारखी होती, दुकानातला पंखा गरम वारा ढकलत होता. पण उघड्या पोटाचा तो संगणक मात्र एखाद्या साधूसारखा स्थितप्रज्ञ होता. काही बिघडलेले नसताना काय दुरुस्त करावे, हा वैद्यकातला जुनाच पेच आहे. युंग-फा यांनी तो जुन्याच मार्गाने सोडवला. ज्याच्यावर संशय घेणे सोपे, तो भाग त्यांनी बदलला. चिठ्ठी लिहिली : ‘दोष : वीजपुरवठा. बदलला.’ मोहोर उठवली. मंदिरात नेऊन यंत्र जागेवर बसवले. पहिला पुडा मेजावर होता, तो पुन्हा माथ्यावर ठेवला आणि यंत्र आजारातून उठले आहे, त्याला जरा जास्त धीर हवा, म्हणून शेजारी दुसराही ठेवला.

आता ते अकरा मिनिटांत बंद पडू लागले.

“हा भुतांचा महिना आहे,” कुन-शान यांनी दुसऱ्या खेपेस कॅबिनेट मेजावर आदळत सांगितले. “परलोकाची दारं उघडी असतात. वरून-खालून कोण कोण हिंडत असतं. त्यातलंच कुणीतरी बटण दाबतंय.”

“भुतांना कॉम्प्युटर कळतो?”

“तुला कळतो म्हणतोस, तर त्यांना का कळू नये?”

तो २९ ऑगस्ट होता. भुतांचा महिना, म्हणजे चांद्रवर्षाचा सातवा, आदल्याच दिवशी संपला होता, हे पाओ-चू यांनी आतून ओरडून सांगितले. भुते निर्दोष सुटली. युंग-फा यांनी या वेळी रॅमच्या पट्ट्या बदलल्या, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खरवडून नवी लावली, प्रत्येक वायर उपसून पुन्हा खोचली आणि यंत्र दोन दिवस आडवे निजवून चालवले. तापमान त्यांनी दर तासाला मोजले. ताप नाही, कणकण नाही, काही नाही. चिठ्ठीवर त्यांनी ‘दोष : रॅम’ असे लिहिले आणि चोवीस वर्षांत प्रथमच मोहोर उठवण्यापूर्वी ती ओळ दोनदा वाचून पाहिली.

दरम्यान गल्लीत बातमी पसरली होती. मंदिराचा संगणक आजारी आहे आणि चुआंगमिस्त्रींची पाटी एका खेपेवर आली आहे. गल्ली भावनाशील होती. युंग-फा यांनी यंत्र पुन्हा बसवून त्यावर दोन पुडे ठेवले आणि पाठ वळवली मात्र, पेरूच्या गाडीवरच्या यिंगमावशी आणखी दोन घेऊन आल्या. पाठोपाठ न्हाव्याने एक आणला, शिंपिणीने एक. टोफूवाल्याने आणलेल्या पुड्याची तारीख उलटलेली निघाली. त्याला सगळ्यांनी मिळून परत पाठवले आणि तो शरमेने ताजा पुडा घेऊन आला. सात पुडे उतरंडीसारखे रचले गेले.

“माझा नवरा दिवसभर उन्हात गाडीपाशी भाजून निघतो, त्यापेक्षा हे बरं,” यिंगमावशी उतरंडीकडे समाधानाने पाहत म्हणाल्या. “याला निदान देवाची सावली आहे.”

संगणक चार मिनिटांत बंद पडला.

पुढची घटना प्रत्यक्ष पाहणारे निदान अकरा जण आहेत आणि सर्वांचे त्याबाबत एकमत आहे. ३ सप्टेंबरच्या सकाळी कुन-शान कॅबिनेट गुडघ्यांत धरून, प्रचंड आनंदी चेहऱ्याने, गल्लीतून स्कूटर हळूहळू चालवत आले. घाई नव्हती, असा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदा येतो. स्कूटरच्या मागे शिडी आडवी बांधलेली होती. युंग-फा यांनी ती वरात लांबूनच पाहिली आणि झटक्यात शटर खाली ओढले. ते गुडघ्याइतक्या उंचीवर अडकले.

“आ-फा, उघड!”

“दुकान बंद आहे.”

“तुझे पाय दिसतायत.”

“पाय बंद नाहीत. दुकान बंद आहे.”

“हे बघ, मी हे नुसतं खालून आत सरकवतो. उंबरठा ओलांडला की झालं.”

“हात लावशील तर बघ! आत सरकवलंस, तर मी बाहेर सरकवीन.”

कॅबिनेट शटरखालून वीतभर आत आले आणि वीतभर बाहेर गेले. पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले. अखेर पाओ-चू भाजी निवडता निवडता बाहेर आल्या.

“ल्याओभावजी, दोघांची वयं मिळून एकशे अठरा होतात. वचन काय आहे? यंत्र परत आलं तर. मग यंत्र देवळातच राहू दे, आणि हेच तिकडे येतील. घरात यांचा मला उपयोग नाहीच.”

वचनाच्या शब्दांना धरून हा तोडगा निर्दोष होता. कुन-शान यांना तो मान्य करावा लागला. वाचनाला नऊ दिवस उरले होते.

युंग-फा स्टूल, हत्यारांची पेटी आणि थर्मास घेऊन मंदिरात मुक्कामाला गेले. रोज सकाळी ते यंत्रासमोर बसत. प्रथम सातही पुडे आदराने उचलून नैवेद्याच्या ताटात ठेवीत, मग झाकण काढून तपासणी सुरू करीत. तपासणी चालू असेतो यंत्र ठणठणीत असे. दोन तास, तीन तास, काही बिघाड नाही. मग ते झाकण लावीत, सातही पुडे क्रमाने पुन्हा रचीत, “शहाण्यासारखा राहा,” असे सांगून चहा ओतून घेत. चहा पिण्याजोगा होईतो यंत्र बंद पडलेले असे.

“वैद्य दारात आला की ताप उतरतो, आणि वैद्य उठला की चढतो,” युंग-फा कपाळ चोळत म्हणाले. “याला माझा धाक आहे.”

“तुझा धाक तुझ्या मांजराला नाही,” कुन-शान म्हणाले.

त्यांनी उदबत्तीच्या धुराचा संशय घेतला. दोन दिवस देवाला बिनधुराची पूजा सोसावी लागली. मग विजेच्या तारेचा. मग त्या लाकडी पडद्यातून येणाऱ्या मुंग्यांचा. ८ सप्टेंबरला सगळे संशयित संपले, तेव्हा कुन-शान यांनी कौल लावायचे ठरवले. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन तांबडे लाकडी ठोकळे असतात, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. जमिनीवर टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर वर आल्या तर नाही म्हणतो. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतो.

“भूमिबाबा, वीजपुरवठ्यात खोट आहे का?”

देव हसला.

“रॅम?”

देव हसला.

“आतली एखादी वायर? मुंग्या?”

देव दोन्ही वेळा हसला. पेरूची गाडी सोडून आलेल्या यिंगमावशी म्हणाल्या, “इतका हसलेला मी त्याला कधी पाहिला नाही. नक्की काय चाललंय?”

“तुझे प्रश्नच हास्यास्पद आहेत,” युंग-फा कुन-शान यांना म्हणाले.

“बरं. मग शहाण्यासारखा विचारतो.” कुन-शान यांनी ठोकळे कपाळाला लावले. “भूमिबाबा, दोष मिस्त्रीचा आहे का?”

एक सपाट, एक फुगीर. हो.

असा कौल लागोपाठ तीनदा आला तरच तो पक्का धरतात. कुन-शान यांनी दुसऱ्यांदा टाकला : हो. तिसऱ्या वेळी युंग-फा यांनी स्वतः ठोकळे हिसकावून घेतले, दाराबाहेर जाऊन, तोंड फिरवून, खांद्यावरून मागे फेकले. ते उंबऱ्यावर आपटून देवासमोर घसरत गेले आणि थांबले. एक सपाट, एक फुगीर.

“हा देव या गल्लीत नवा आलाय का?” युंग-फा म्हणाले आणि पेटी उचलून घरी गेले.

घरी जेवायची वेळ झाली होती. पाओ-चू यांनी टर्कीचा भात समोर ठेवला. युंग-फा यांनी मीठ मागितले नाही, यावरून पाओ-चू यांना प्रकरणाचे गांभीर्य कळले.

“देव म्हणतो, दोष माझा. काय केलं मी? चोवीस वर्षं झाली या धंद्याला. सांग ना, काय केलं?”

“मला काय विचारता? तुमच्या त्या वहीला विचारा. लोकांना विचारता ना तीन-तीन प्रश्न?”

हे त्या विषय संपवण्यासाठी बोलल्या असाव्यात; पण युंग-फा हात धुऊन उठले आणि वही घेऊन मेजाशी बसले. समोरची खुर्ची रिकामी होती. त्यांनी तिच्याकडे न पाहता, नेहमीच्या कोरड्या आवाजात, स्वतःला विचारले.

“केव्हा बंद पडतं?”

“मी जायला उठलो की.”

“कुठे?”

“देवाच्या उजव्या हाताला.”

“आणि तुम्ही त्या वेळी काय करत होतात?”

“काहीच नाही,” युंग-फा म्हणाले आणि सवयीने शिक्का उमटवला.

शाई ओली होती. ते फुंकर मारायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. स्वतःच्याच शिक्क्याकडे त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

“पाओ-चू.”

“काय?”

“समोरचा माणूस ‘काहीच नाही’ म्हणाला, की मी काय म्हणतो?”

“खोटारडा मेला, असं म्हणता.”

त्यांनी सावकाश वहीतली पाने मागे उलटली. शेवटचा रकाना पुड्यांचा. एक पुडा : बावीस मिनिटे. दोन पुडे : अकरा मिनिटे. सात पुडे : चार मिनिटे. दुकानात, उघड्या पोटाने, शून्य पुडे : नऊ तास. नोंदी त्यांच्याच हातच्या होत्या, अक्षर सुवाच्य होते. यंत्राच्या मागे लाकडी पडदा. गरम हवेला वाट एकच, माथ्यावरची जाळी. आणि ज्या जाळीची त्यांनी भर मंदिरात तारीफ केली होती, तिच्यावर त्यांनी स्वतः, दोन्ही हातांनी, अदबीने झाकण घातले होते. यंत्र तापे आणि जळून जाण्यापेक्षा बंद पडणे बरे, असा विवेक दाखवी. त्या अर्थाने त्या गल्लीत त्या काळात खरे गुणी बाळ तेवढे एकच होते.

पाओ-चू यांनी खांद्यावरून वही वाचली.

“सात रजया पांघरून बसवलं असतं, तर मीही चार मिनिटांत आडवी झाले असते,” त्या म्हणाल्या. “आणि वर काय, तर शहाण्यासारखा राहा!”

आता प्रश्न पाटीचा होता. उपाय सोपा होता : मुकाट्याने पुडे बाजूला करावेत, एखादा स्क्रू उगाच फिरवावा, ‘दोष : पंखा’ अशी चिठ्ठी डकवावी. कोणाला काही कळले नसते. ही शक्यता युंग-फा यांच्या मनात आली होती, असे पाओ-चू सांगतात. कारण ते तीन दिवस घरातच बसून राहिले आणि त्यांनी चार कोऱ्या चिठ्ठ्या चुरगाळून टाकल्या. पाचवी त्यांनी लिहिली.

१२ सप्टेंबरच्या सकाळी मंदिरासमोर गल्ली जमली. दुपारनंतर घरोघरी पदपथावर शेगड्या मांडून मांस भाजायचे असते, त्या शेगड्या आधीच लागल्या होत्या. पपनसाच्या सालींच्या टोप्या पोरांच्या डोक्यांवर चढल्या होत्या. युंग-फा इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांनी यंत्रावरचे सातही पुडे एकेक करून उचलले आणि मेजावरच, यंत्रापासून हातभर अंतरावर, ओळीने उभे केले. मग चिठ्ठी यंत्राच्या आत न डकवता त्यांनी ती कुन-शान यांच्या हातात दिली.

“वाचन झालं की वाच. आधी नको.”

वाचन सुरू झाले. चार मिनिटे झाली. अकरा झाली. बावीस झाली, तेव्हा यिंगमावशींनी टाळी वाजवली आणि न्हाव्याने त्यांना गप्प केले. चारशे बारावे नाव सत्तेचाळिसाव्या मिनिटाला वाचून झाले आणि पडद्यावरची पेरूएवढी अक्षरे तशीच लखलखत राहिली. कुन-शान यांनी ध्वनिक्षेपक न सोडताच चिठ्ठी उघडली. वाचन झाल्यावर वाच, असे त्यांना सांगितलेले होते. कसे वाच, हे सांगितलेले नव्हते.

“दोष,” ध्वनिक्षेपकातून अख्ख्या फळबाजाराला ऐकू गेले, “दोष : मिस्त्री. जाळीवर पुडा ठेवला. उपाय : पुडा शेजारी ठेवला. चुआंग युंग-फा, मोहोर.”

मग गल्ली जी हसली, त्यापुढे देवाचे हसणे काहीच नव्हते. टोफूवाल्याला खाली बसावे लागले. गल्ली शांत होईतो युंग-फा तिथून निघून गेले होते.

कुन-शान धापा टाकत दुकानाशी पोचले, तेव्हा युंग-फा त्यांचीच, नऊ दिवस दाराशी पडून असलेली शिडी लावून वर चढले होते आणि पाटीचा पहिला खिळा उपसत होते.

“हे काय करतोस?”

“दिसत नाही? शिडी तूच आणली होतीस. धर नीट, हलतेय.”

कुन-शान यांनी शिडी धरली. मग त्यांच्या लक्षात आले की आपण काय धरले आहे. “खाली उतर! यंत्र दोनदाच परत आलंय.”

“तिसऱ्यांदा मी गेलो. उंबरठा कुणी ओलांडला, त्यानं काय फरक पडतो?”

“फरक पडतो! चोवीस वर्षं ती ओळ माझ्या तोंडपाठ आहे. ‘यंत्र परत आले तर’ असं लिहिलंय. ‘मिस्त्री मूर्ख निघाला तर’ असं कुठे लिहिलंय? तसं असतं, तर तुझ्या बापानं पाटी लावलीच नसती, त्यानं तुला पाहिलं होतं!”

“वडिलांचं नाव काढू नकोस.”

“काढणार. आणि पाटी उतरवलीस, तर मी आता वाट कशाची पाहू? या वयात नवं काही सुरू करायला सांगतोस मला?”

युंग-फा यांनी पक्कड थांबवली. वाद मिटेना, म्हणून कुन-शान यांनी खिशातून ठोकळे काढले आणि भर रस्त्यात कौल लावला : पाटी उतरवायची का? देव हसला. पुन्हा टाकला, देव पुन्हा हसला. तिसऱ्या वेळी एक ठोकळा उसळून यिंगमावशींच्या शेगडीखाली गेला आणि चिमट्याने बाहेर काढला, तेव्हा त्याची एक बाजू काळी पडली होती. तो सपाट पडला होता की फुगीर, यावर गल्लीत अजूनही दोन तट आहेत.

“सॉसेज जळतायत,” यिंगमावशी म्हणाल्या. “तुम्ही दोघे आवरताय की माणसं बोलावू?”

युंग-फा उतरले. अर्धा निघालेला खिळा त्यांनी उतरण्यापूर्वी तळहाताने परत आत ठोकला. पुढे गिऱ्हाइके त्यांना तीन प्रश्न उलटे विचारू लागली आणि शिक्काही मागून घेऊ लागली. ते मुकाट्याने देत. पुडा ठेवणे त्यांनी सोडले नाही. दोन्ही हातांनी, तेच शब्द पुटपुटत, पण यंत्रापासून हातभर दूर. आणि अंतर ते पट्टीने मोजीत.

दुकान ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाले. त्या दिवसापर्यंत मंदिराचा संगणक तिसऱ्यांदा परत आला नव्हता.